पोराला कुठंतरी चिकटवा

आमच्या परळ-लालबागच्या मराठीत ‘चिकटवणे’ या क्रियापदाला एक खास अर्थ आहे. पाकिटाला तिकीट चिकटवतात, तो अर्थ वेगळा. इथे पोराला चिकटवतात. "बाई, दहावी झाली की याला कुठंतरी चिकटवा." मी पस्तीस वर्षं परळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. या काळात हे वाक्य किती पालकांच्या तोंडून ऐकलं याची मोजदाद नाही. मुलगा हुशार आहे की ढ, याच्याशी त्या वाक्याचा संबंध नसे. एकदा चिकटला की सुटला, एवढाच हिशेब.

या वाक्याला जोडून येणारं दुसरं वाक्य म्हणजे, "तुम्ही जरा शब्द टाका." शब्द टाकणं म्हणजे नुसती ओळख काढणं नव्हे. ज्याने शब्द टाकला, तो त्या मुलाच्या वागण्याला बांधला गेला. मुलगा पळून गेला, चोरी केली, मालकाला उलट बोलला, तर शब्द टाकणाऱ्याची मान खाली. आणि मालकाने मुलाला छळलं, पगार बुडवला, तर जाब विचारायलाही तोच जाणार. सध्या ‘विद्यार्थी आणि स्थानिक उद्योग यांची सांगड’ या विषयावर पुष्कळ बोललं जातं. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात त्यासाठी तरतूदही आहे. हे सगळं वाचताना मला राहून राहून वाटतं, की आमच्या भागात ही सांगड शंभर वर्षांहून अधिक काळ होतीच. फक्त ती शाळेने घातलेली नव्हती. ती कुणी घातली, कुणासाठी घातली आणि कशी तुटली, हे एकदा नीट लिहून काढावं म्हणून हा लेख.

सुरुवात गिरणीपासूनच करायला हवी. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव हा सारा पट्टा चिमण्यांनी भरून गेला. या गिरण्यांना माणसं लागत. ती येत कोकणातून, सातारा-पुण्याच्या घाटावरून. पण गिरणीच्या गोऱ्या किंवा पारशी मॅनेजरला ही माणसं ओळखता येणं शक्य नव्हतं. त्याने ते काम मुकादमावर सोपवलं. मुकादम म्हणजे जॉबर. माणूस भरायचा तोच, काम वाटायचा तोच, रजा द्यायचा तोच आणि काढून टाकायचाही तोच.

मुकादम माणसं आणत असे ती आपल्या गावची, आपल्या भावकीतली, फार तर आपल्या तालुक्यातली. गावाहून आलेला पोरगा आधी गावकीच्या खोलीत उतरे. एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. जेवण एखाद्या खानावळवाल्या बाईकडे. पगार झाला की पैसे देण्याच्या बोलीवर ती महिनाभर जेवू घाली. म्हणजे बघा, मुकादमाचा शब्द गिरणीत चाले, गावकीचा शब्द खोलीत चाले आणि खानावळवालीचा भरवसा पानावर. नवख्या पोराच्या मागे तीन-तीन जामीन उभे असत आणि त्यातला एकही कागदावर नसे.

माझे वडील असेच लागले. रत्नागिरी जिल्ह्यातून आले, गाववाल्या मुकादमाने रिंग खात्यात घेतलं. पहिल्या पगारातलं त्याला किती दिलं ते वडिलांनी कधी सांगितलं नाही. पण तो मुकादम वारेपर्यंत दर दसऱ्याला आमच्या घरून त्याच्याकडे नारळ आणि धोतरजोडी जात असे. ही दस्तुरी होती की कृतज्ञता, हे लहानपणी मला कळलं नाही. आता वाटतं, वडिलांनाही त्यातला फरक सांगता आला नसता.

या व्यवस्थेची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. पहिली बाजू म्हणजे मुलं. कताई खात्यात भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या लावण्याचं काम डॉफरचं, आणि डॉफर बहुतेक पोरसवदा असत. १८८१ चा पहिला कारखाना कायदा वाचला तर अंगावर काटा येतो. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, अशी ती ‘सुधारणा’ होती! १८९१ मध्ये वय नऊवर आलं आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे तास सातावर. १९२२ मध्ये बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांना सहा तास, १९३४ मध्ये पाच तास. चौदा वर्षांखालचं मूल कारखान्यात नकोच, हे म्हणायला १९४८ साल उजाडावं लागलं. मुलांना उद्योगाशी जोडा असं आज आपण म्हणतो, तेव्हा ही सदुसष्ट वर्षांची उतरंड डोळ्यांसमोर असलेली बरी. या जोडण्यातला उद्योग जोरकस आणि मूल दुबळं असतं.

दुसरी बाजू त्याहून बोचरी. शब्द टाकणारा आपल्याच माणसासाठी शब्द टाकतो. ज्याचं कुणी नाही त्याचं काय? विणाई खात्यात पगार चांगला, पण तिथे दलित कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून धागा काढताना तो तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ होई. यंत्रं विलायतेतून आली, विटाळ इथलाच राहिला. १९२८ च्या सहा महिन्यांच्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि संपाच्या पुढाऱ्यांना तो मागण्यांमध्ये घ्यावा लागला. बाबासाहेब तेव्हा राहत होते ते परळच्याच बीआयटी चाळीत. हा प्रश्न त्यांना पुस्तकातून कळलेला नव्हता, जिन्यावर भेटणाऱ्या माणसांकडून कळलेला होता. बायकांच्या खात्यांतही तोच प्रकार. तिथे मुकादमाच्या जागी नायकीण असे आणि तिची मर्जी राखल्याशिवाय काम मिळत नसे.

गिरणीपासून थोडं दक्षिणेला, गिरगाव-काळबादेवीकडे गेलं की चिकटवण्याची दुसरी एक परंपरा दिसते. तिला मराठीत सुंदर शब्द आहे : उमेदवारी. आज उमेदवार म्हटलं की निवडणूक आठवते. पण मुळात फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकणारा. कचेऱ्यांत, पेढ्यांत, छापखान्यांत पोरं उमेदवारी करत. जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागले. शाळा फारशी झालेली नव्हती. तिथे टाइप घासता घासता अक्षराचं वळण, ओतकाम, मापं हे सगळं हाताखालून गेलं. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या देवनागरी टाइपाची आणि संस्कृत ग्रंथांची कीर्ती देशभर पसरली. त्याच मिशन प्रेसमध्ये त्याआधी गणपत कृष्णाजीही काम शिकून बाहेर पडले होते.

ही उदाहरणं भाषणात द्यायला सोपी असतात, म्हणून एक सावधगिरी. टाइप घासणारी पोरं पुष्कळ होती, जावजी एकच झाला. बाकीच्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत. तरीही छापखाना आणि गिरणी यांत एक फरक होता. गिरणीत डॉफर पोरगा दहा वर्षं बॉबिनी बदलत राहिला तरी यंत्राबद्दल त्याला कुणी काही शिकवायला बांधील नव्हतं. छापखान्यात मालकालाच गरज होती, की पोराने आज खिळे ओळखावेत, उद्या जुळवावेत, परवा फर्मा बांधावा. काम शिकवल्याशिवाय मालकाचं भागत नव्हतं. विद्यार्थ्याला कुठे पाठवावं, याची माझी कसोटी पुढे हीच झाली : जिथे शिकवल्याशिवाय मालकाचं भागत नाही, तिथे.

मग शाळा या चित्रात कधी आली? ती आली रात्रीची. नारायण मल्हार जोशी, ज्यांचं नाव आज डिलाईल रोडला आहे, ते सुरुवातीची काही वर्षं शिक्षक होते. पुढे नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. परळचा दामोदर हॉल ज्यांना ठाऊक आहे त्यांना लीगचं नाव वेगळं सांगायला नको. लीगने कामगार वस्तीत वाचनालयं काढली, रात्रशाळा काढल्या. दिवसा काम करणारा पोरगा रात्री पाटीवर बसू लागला. म्हणजे आमच्याकडे शाळेने विद्यार्थ्याला उद्योगात पाठवलं नाही, उद्योगात गेलेल्या पोराला शाळेने परत बोलावलं. रात्रशाळा मुंबईत अजून आहेत. दिवसाच्या शाळेच्या इमारतीत, संध्याकाळी साडेसहानंतर, कँटीनमधली, दुकानांतली, कचेऱ्यांतली मुलं तिथे येतात.

याच जोशींची नेमणूक पुढे व्हिटली आयोगावर झाली. हा मजूर आयोग १९२९ मध्ये नेमला गेला, त्याचा अहवाल आला १९३१ मध्ये. मुकादमाची लाचखोरी त्यात स्पष्ट नोंदवली आहे आणि भरतीचं काम त्याच्या हातून काढून गिरण्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस आहे. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवण्याची पद्धत सुरू झाली. बदलीवाल्याला कार्ड मिळू लागलं, सकाळी गेटवर हजर राहायचं आणि जागा रिकामी असेल तर आत जायचं. मुकादमाच्या शब्दाची जागा पहिल्यांदा कागदाने घेतली ती इथे. पण कार्ड मिळवायला कुणाचा तरी शब्द लागायचाच!

स्वातंत्र्यानंतर सरकारने या कामात पुष्कळ कागद घातले, आणि सगळेच वाया गेले असं मी म्हणणार नाही. १९५९ मध्ये रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचा कायदा झाला. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला. ‘उमेदवार’ हा जुना शब्द सरकारने उचलला, त्याला किमान वय चौदा घातलं आणि विद्यावेतन जोडलं. रेल्वेच्या परळ, माटुंग्याच्या कारखान्यांत कितीतरी मराठी पोरं या दाराने गेली. दादरचं अँटोनिओ डिसिल्वा, धोबीतलावाकडचं एल्फिन्स्टन अशा शाळांतून तांत्रिक विषय शिकता येत. मनोहर जोशींनी १९६१ मध्ये दादरला कोहिनूरचे वर्ग काढले. तिथे वायरमन, प्लंबर, रेडिओ दुरुस्ती असलं शिक्षण घेऊन मुलं कामाला लागली. मुलींसाठी टायपिंगचे क्लास. गिरगावात आणि दादरला जिन्याजिन्यावर खडखडाट असे. इंग्रजी चाळीसची परीक्षा झाली की फोर्टमधल्या कचेऱ्यांची वाट मोकळी. क्लासच्या मालकाकडे कंपन्यांचे निरोप येत आणि तो मुलींची नावं सुचवी. तोही एक प्रकारचा मुकादमच, पण त्याला आपल्या क्लासचं नाव जपायचं असे, म्हणून कच्ची मुलगी तो पाठवत नसे. १९६६ नंतर शिवसेनेच्या शाखा आल्या, पुढे स्थानीय लोकाधिकार समित्या आल्या आणि शब्द टाकण्याचं एक नवं ठिकाण तयार झालं.

या सगळ्यात आमची दिवसाची शाळा कुठे होती? कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला. हाताने काम करणं आणि समाजातल्या उत्पादनाशी ओळख होणं हा शिक्षणाचाच भाग असावा, ही कल्पना होती. त्याही आधी १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नयी तालीमचा विचार मांडला होता. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ असं भारदस्त नाव दिलं. आणि आमच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास आले. त्या तासांना आम्ही मेणबत्त्या केल्या. खडू केले. फिनेल केलं. कागदी पिशव्या आणि फाइलची कव्हरं केली. शाळेच्या खिडकीतून तीन गिरण्यांच्या चिमण्या दिसत, पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आमच्या तासाला व्यत्यय येई, आणि आत मुलं मेणबत्त्या ओतत बसलेली. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप ज्या यंत्रांवर उभे होते, ती यंत्रं एकाही मुलाने पाहिलेली नव्हती. कार्यानुभव होता, पण तो मिळायला कार्य दाखवणारा माणूस नव्हता.

मग १८ जानेवारी १९८२ चा दिवस आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप कधी मागे घेतला गेला नाही आणि गिरण्या पूर्वीसारख्या कधी चालल्या नाहीत. संपाने काय गेलं याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी शिक्षिका म्हणून जे पाहिलं ते सांगते. शब्द टाकणारी माणसं गेली. ज्या बापाच्या जिवावर मुलाला बदलीचं कार्ड मिळायचं तो स्वतःच घरी बसला. मुकादम गावाला गेला. गावकीच्या खोल्या रिकाम्या झाल्या. खानावळवाल्या बायांची पगाराला मिळायची बाकी बुडाली. नववी-दहावीची मुलं जे मिळेल ते करू लागली. कुणी पेपर टाकी, कुणी रात्री वडापावच्या गाडीवर, कुणी आणखी वाईट ठिकाणी. त्यांना चिकटवणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ती मिळेल तिथे चिकटत होती.

१९८४ च्या मे महिन्याच्या सुट्टीआधी मी आणि माझ्या एका सहकारी शिक्षकांनी एक वही घातली. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर मुलाचं नाव, वय, घरची परिस्थिती. उजव्या पानावर दुकान किंवा कारखाना, मालकाचं नाव, काय काम शिकवणार, किती तास, किती पैसे, आणि शेवटच्या रकान्यात आमच्या दोघांपैकी एकाची सही. अटी चारच होत्या. मूल चौदा वर्षं पूर्ण झालेलं हवं. दिवसाला चार तासांवर काम नाही. धोक्याच्या यंत्रावर नाही. पैसे मुलाच्याच हातात. आणि दर शनिवारी आमच्यापैकी कुणीतरी जाऊन बघणार.

पहिल्या सुट्टीत नऊ मुलं गेली. लालबागला गणपतीचे कारखाने मे महिन्यात सुरू होतात. साचे काढायचे, काथ्या घालायचा, घासकाम करायचं. एका मूर्तिकारांकडे मी दोन मुलांना घेऊन गेले. त्यांनी मुलांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाई, पोरं बरी दिसतात. पण कोणाची?" हा प्रश्न आमच्या भागात जन्मापासून ऐकलेला. त्याचं उत्तर गाव, आडनाव, भावकी असं असतं. मी म्हटलं, "शाळेची. काही कमीजास्त झालं तर मला बोलवा." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या आठला पाठवा." त्या दोघांतल्या एकाची आई कचरावेचक होती. परळमध्ये तिच्यासाठी शब्द टाकेल असं एकही माणूस नव्हतं.

गिरगावातल्या एका छापखान्यात एक मुलगा लागला. मराठीत तो कायम काठावर. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचं वैर होतं आणि माझे लाल शेरे वाचून वाचून निगरगट्ट झाला होता. तिथे पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांचे खिळे केसमध्ये वेगवेगळ्या घरांत होते. चुकीचा लागला की प्रूफावर खूण यायची आणि ती ओळ सोडवून पुन्हा जुळवावी लागायची. जून महिन्यात तो वर्गात आला तेव्हा ‘किंमत’ आणि ‘कीर्ती’ लिहिताना त्याचा हात अडत नव्हता. माझ्या शेऱ्याने वेळ वाया जात नव्हता, खिळ्याने जात होता. एवढंच.

सगळंच छान झालं असं नाही. एका दुकानदाराने महिनाभर मुलाकडून फक्त चहा आणवला आणि झाडू मारून घेतला, वर पैसेही अर्धेच दिले. दोन शनिवार जाऊन बसल्यावर उरलेले दिले, पण त्या दुकानाचं नाव आम्ही वहीतून खोडलं. मुलींचा प्रश्न अवघड होता. आई-वडील पाठवायला तयार नसत आणि मालक ठेवायला. शेवटी एक शिवणकामाचा वर्ग, एक औषधांचं दुकान आणि एक वाचनालय एवढीच ठिकाणं मुलींसाठी मिळाली. वही अकरा वर्षं चालली. मग छापखान्यांत खिळे जाऊन संगणक आले, लहान कारखाने वसई-भिवंडीकडे गेले, माझे सहकारी निवृत्त झाले.

दरम्यान वरून योजना येतच होत्या. १९८८-८९ पासून महाराष्ट्रात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू झाले, त्यांत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी प्रशिक्षण होतं. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि शाळेतल्या मुलांनी गावाला खरोखर लागणारी कामं करत शिकावं, हा प्रयोग करून दाखवला. वेल्डिंग, पाण्याची तपासणी, शेतीची कामं. मुलाने केलेलं काम गावातला कुणीतरी वापरणार, म्हणून ते नीट व्हायलाच हवं. आमच्या मेणबत्त्या कुणी विकत घेत नव्हतं, हा फरक मला पाबळबद्दल वाचल्यावर कळला.

आणि आता २०२० चं धोरण. सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळा, त्या काळात सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम. कल्पना उत्तम आहे. मी तिच्या बाजूची आहे. पण परळच्या एखाद्या मुख्याध्यापिकेने हे परिपत्रक हातात घेऊन खिडकीबाहेर पाहिलं, तर तिला काय दिसेल? फिनिक्स मिल होती तिथे मॉल, कमला मिल होती तिथे कचेऱ्या आणि हॉटेलं. बाकी परळ म्हणजे इस्पितळं. केईएम १९२६ पासून, टाटा १९४१ पासून, आणि त्यांच्याभोवती प्रयोगशाळा, औषधांची दुकानं, उपकरणांची दुरुस्ती करणारे. काम आहे, खूप आहे. शाळेपासून दहा मिनिटांवर आहे. पण गिरणीच्या गेटवर विचारत, "कोणाचा?" मॉलच्या गेटवर सुरक्षारक्षक विचारतो, "कोणाला भेटायचंय?" आणि शाळेकडे सांगायला नाव नसतं.

जर्मनीत शाळा आणि कारखाना मिळून मुलाला घडवतात, याचं कौतुक आपल्याकडे नेहमी होतं. तिथे शिकाऊ मुलगा आणि मालक यांचा करार होतो, तो व्यावसायिकांच्या मंडळाकडे नोंदवला जातो आणि परीक्षाही तेच मंडळ घेतं. म्हणजे शब्द टाकणारी आणि शब्दाला जागणारी संस्था आहे. आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा कायदा सांगतो, की चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायचं नाही आणि चौदा ते अठराच्या मुलांना धोक्याच्या कामावर नाही. हे अगदी योग्य. तरीही मालकाला कायद्याची भीती वाटते, शाळेला जबाबदारीची, पालकांना दोघांचीही. मग दहा दिवस कुठेतरी सहल जाते, फोटो निघतात, अहवाल वर जातो.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा रकाना असतो. पस्तीस वर्षांत मी तिथे ‘चांगली’ याखेरीज दुसरा शब्द लिहिलेला पाहिला नाही. सगळ्यांना तोच शब्द, म्हणून त्या शब्दाला बाजारात किंमत नाही. कुठलाही मालक दाखला बघून मुलगा ठेवत नाही, तो अजूनही ओळखच विचारतो. ज्याच्याकडे ओळख आहे त्याला शाळेच्या शब्दाची गरज नाही. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी शाळेखेरीज दुसरं कुणी नाही. शाळेने करायचं ते एवढंच आहे, असं माझं म्हणणं. मुकादमाचं काम करायचं, दस्तुरी न घेता, आणि भावकी न बघता. त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. शाळेतल्या एका शिक्षकाला आठवड्यातून चार तास मोकळे द्यावे लागतात, परिसरातल्या वीस-पंचवीस दुकानदारांची, कारागिरांची, प्रयोगशाळांची यादी हाताने करावी लागते आणि दर शनिवारी पायपीट करावी लागते. शिक्षकाला त्या चार तासांचे श्रेय सेवापुस्तकात मिळालं तर उत्तमच.

हे वाचणाऱ्यांत कुणाचं दादरला दुकान असेल, लालबागला कारखाना असेल, परळला प्रयोगशाळा असेल. तुमच्या जवळच्या मराठी शाळेत एकदा जा. आठवी-नववीच्या दोन मुलांना सुट्टीत काय दाखवता येईल, काय शिकवता येईल, ते मुख्याध्यापकांना सांगून या. त्यांनी आधी विचारावं याची वाट पाहू नका. आणि त्यातली एक मुलगी असू द्या.